परवाना दरबारचा, बोली गावची

नळदुर्गात देवालाही मुक्कामाची मुदत असते. खंडोबाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या मंदिरात राहते. देव एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याआधी दोन्हीकडचे मानकरी एकत्र बसतात, लेखी करार होतो आणि मगच पालखी हलते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. मुदत संपली की देव अणदूरला परततो.

देवाचं हे असं. मग माणसांचं काय? सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. घोड्यांचे व्यापारी, शिपाई, मुन्शी, इंजिनिअर, तहसीलदार, कलेक्टर असे शेकडो बाहेरचे लोक इथून गेले, काही इथे राहिले. त्यांना राहायची परवानगी कोण देत होतं, कशावर लिहून देत होतं? आणि परवानगी मिळाल्यावर बाजारात, चावडीवर, कोर्टात ते कोणत्या भाषेत बोलत होते? आपल्याकडे राजवटींचा इतिहास भरपूर लिहिला गेला, पण परक्या मुलखात येऊन राहणाऱ्या माणसाच्या या दोन साध्या अडचणींकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कागद आणि बोली. नळदुर्गच्या निमित्ताने त्यांच्याविषयी लिहितो आहे.

किल्ल्यात येणारे पर्यटक पाणी महाल बघतात, फोटो काढतात आणि जातात. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटात महाल, वरून पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा उभा राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, १६१३ चं. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन असं सांगितलं जातं. हा सगळा प्रकार 'परकीय राजवटीतला' असं एका दमात सांगून मोकळं होण्याची पद्धत आहे. इब्राहिम किती परकीय होता, हे एका खऱ्याखुऱ्या परकीयानेच लिहून ठेवलं आहे. १६०३-०४ मध्ये अकबराचा वकील म्हणून असद बेग विजापूरला आला. हा मूळचा इराणातल्या कझवीनचा. दरबारात बसून त्याने जे पाहिलं त्याचं त्याला नवल वाटलं. सुलतान फारसी समजत होता, पण बोलताना अडखळत होता, आणि आपल्या माणसांशी मराठीत बोलत होता. मोगल दरबारच्या वकिलाला ही उणीव वाटली असेल. आपण ती नोंद वाचून थोडं थांबायला हवं. पाणी महाल बांधवून घेणाऱ्या माणसाची तोंडातली भाषा मराठी होती.

आज मराठी मुसलमानाला, तोही शिकल्यासवरल्या मंडळींत, "तुमची मराठी किती छान आहे हो" असं कौतुकाने म्हटलं जातं. कौतुकच असतं ते, वाईट हेतू नसतो. पण त्यामागे एक गृहीत असतं की ही भाषा तुम्ही नंतर शिकलात, जशी एखादा परदेशी शिकतो. म्हणून खरे परदेशी कसे शिकत होते, हे पाहणं मला गरजेचं वाटतं.

दखनच्या सुलतानशाह्यांत बाहेरून आलेल्यांना 'आफाकी' म्हणत, इथल्यांना 'दखनी'. आफाकींसाठी दुसरा शब्द होता 'गरीब'. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. मराठीत येता येता तो कंगाल झाला. हे उगाच झालं नसावं. परक्या मुलखात ओळख नसलेला माणूस खिशात पैसे असूनही गरीबच असतो.

त्यातला एक गरीब म्हणजे अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. सोबत एक घोडा. दखनमध्ये चांगला घोडा पैदा होत नाही, तेव्हा तो विकून नशीब काढू, हा त्याचा हिशेब. घाट चढून जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात अडकला. तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला. तू मुसलमान नाहीस असं कळलं, म्हणाला. मुसलमान झालास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा, नाही झालास तर घोडा गेला आणि हजार तुझ्याकडून घेईन. चार दिवसांची मुदत दिली.

आता हे सरळ सरळ बेकायदा होतं, आणि तेही इस्लामी कायद्यानेच. फिकहमध्ये परदेशातून आलेल्या गैरमुस्लिमासाठी 'अमान' आहे. अमान मिळालेला माणूस 'मुस्तामिन'. त्याचा जीव, माल आणि धर्म सुरक्षित. हनफी मताप्रमाणे तो वर्षाच्या आत परतला तर त्याच्यावर जिझिया नाही, वर्षभर राहिला तर मात्र तो इथला रहिवासी धरला जातो आणि कर लागू होतो. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्षाच्या आत पर्यटक व्हिसा, पुढे रहिवासी परवाना. असदखानाने हा नियम धाब्यावर बसवला. निकितिनला वाचवलं ते महंमद नावाच्या एका खुरासानी खोजाने. निकितिन त्याच्याकडे गेला, रडला, विनवण्या केल्या. खोजाने असदखानाकडे जाऊन घोडा सोडवून आणला. एका आफाकीने दुसऱ्या आफाकीसाठी शब्द टाकला. कागद नव्हता, ओळख होती.

पण निकितिन त्या खोजाशी बोलला कशात? त्याचं प्रवासवर्णन वाचलं की उत्तर मिळतं. रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात, कुठे अख्खी वाक्यं येतात. बाजारभाव सांगताना, खासगी काही लिहिताना, दुआ मागताना तो या खिचडीत घुसतो. होर्मुझपासून बिदरपर्यंतच्या बंदरांत आणि सरायांत चालणारी ही बोली. कुठल्याच मदरशात ती शिकवत नव्हते, घोडा विकता विकता शिकायची. 'खोजा युसुफ खुरासानी' हे नावही त्याने घेतलं. पुढे तो बिदरला राहिला, आपल्या शेजारच्या आळंदच्या उरुसात भरणाऱ्या घोडेबाजाराचं वर्णन त्याने केलं आहे. त्याच्या पोतडीत दखनी बाजारातलं पुष्कळ सापडतं. शेतातली, चावडीवरची भाषा मात्र त्याच्या हाती फारशी लागलेली दिसत नाही.

ज्या बिदरमध्ये निकितिन फिरत होता, तिथे त्या वेळी सत्तेची सूत्रं महमूद गावानकडे होती. गावान गिलानचा. तोही व्यापारी म्हणूनच दाभोळला उतरलेला, १४५३ मध्ये. वजीर झाल्यावर त्याने आफाकी आणि दखनी अमिरांत पदं वाटून समतोल राखायचा प्रयत्न केला. गरज होतीच. त्याच्या येण्याआधी काही वर्षांपूर्वी चाकणला दखनी सरदारांनी सुलतानाला खोट्यानाट्या खबरी देऊन आफाकींची कत्तल घडवली होती. खुद्द गावानचा शेवट कागदानेच झाला. त्याच्या विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला फितवून कोऱ्या कागदावर मोहर उठवून घेतली आणि वर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं पत्र तयार केलं. सुलतानाने शहानिशा न करता एप्रिल १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं. अठ्ठावीस वर्षं इथे घालवली, बिदरचा मदरसा बांधला, आणि तरी एका बनावट कागदाने तो पुन्हा परका ठरला.

विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४-५८) या भांडणाचा निकाल दखनींच्या बाजूने लावला. बहुतेक आफाकींना नोकरीतून काढलं आणि सरकारी हिशेब फारसीऐवजी हिंदवीत ठेवायचा हुकूम केला. ही माहिती फिरिश्ता देतो, आणि फिरिश्ता स्वतः अस्तराबादचा आफाकी. अभ्यासक या हिंदवीचा अर्थ मराठी आणि कन्नड असा घेतात. नळदुर्गच्या टापूत त्याचा अर्थ मराठीच होता. हिशेब ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेला आणि मोडीत गेला.

इथे एक गंमत होते. इराणातून ताजा आलेला एखादा अंमलदार नळदुर्गच्या चावडीवर बसला आहे अशी कल्पना करा. कुळकर्णी दप्तर उघडतो. लिपी मोडी, अंमलदाराला एक अक्षर लागत नाही. पण कुळकर्णी वाचायला लागतो तेव्हा सन येतो तो 'इहिदे', 'इसन्ने', 'सलास', 'अर्बा', 'खमस'. हे तर अरबी आकडे! शुहूर सनाचे आकडे कुळकर्ण्याच्या पिढ्यांनी तोंडपाठ केलेले. पुढे जमा, वसूल, बाकी, तनखा, इनाम, दाखला, तगाई, सगळं ओळखीचं. पत्राच्या डोक्यावर 'अज रख्तखाने' हा फारसी मायना, आणि त्याखाली सबंध मजकूर मराठी. म्हणजे परदेशी माणसाला मराठी कागदातले निम्मे शब्द येत होते आणि तरी वाक्य कळत नव्हतं, कारण क्रियापद मराठी. भाषा शिकणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. शब्द उधार मिळतात, क्रियापदं स्वतः कमवावी लागतात.

त्या काळचे कागद तीन-चार प्रकारचे. 'कौल' म्हणजे अभयाचा लेखी शब्द. नवी पेठ वसवायची, ओसाड गावात कुळं आणायची तर व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला कौल देत. ये, राहा, अमुक वर्षं कर नाही, पुढे चढत्या दराने. 'दस्तक' आणि 'राहदारी' प्रवासाची. 'परवाना' हुकमाचा. यातला कौल मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो, कारण त्यात येणारा माणूस गरजेचा धरलेला आहे. आज जगातले बहुतेक परवाने येणाऱ्यावर संशय धरून लिहिलेले असतात.

यानंतर कित्येक वर्षांनी नळदुर्गला आलेला एक परदेशी मात्र बोलीच्या बाबतीत निराळा निघाला. फिलिप मेडोज टेलर. ठगाच्या जबानीची कादंबरी लिहिणारा म्हणून वाचकांना माहीत असेल. जन्म लिव्हरपूलचा, १८०८ चा. १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी ठरवून त्याला घरच्यांनी जहाजावर बसवलं. वयात आला की भागीदारी, असं आश्वासन होतं. मुंबईला उतरल्यावर कळलं की पेढी बुडायला आली आहे.

त्या काळी इंग्रज माणसालाही हिंदुस्थानात मन मानेल तसं राहता येत नव्हतं. कंपनीच्या नोकरीत नसलेल्याला कंपनीचा परवाना लागे, आणि परवाना नसलेल्याला परतीच्या जहाजावर बसवून देता येई. १८३३ च्या सनदी कायद्याने ही अट सैल झाली. त्यानंतरही बंदरावर उतरताच आपलं नाव, कुठे जाणार आणि इथे काय करायचं आहे, हे जकातीच्या अधिकाऱ्याला लिहून द्यावं लागे. विमानात बसल्यावर हातात पडणारा तो छोटा छापील फॉर्म आठवा. थायलंडमध्ये दीर्घ मुदतीवर राहणाऱ्या परदेशी माणसाला आजही दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो, आणि परतीची परवानगी न काढता तो देशाबाहेर गेला तर असलेली मुदत रद्द होते. शिवाय तिथली भाषा पाच सुरांची. एकच 'मा' साध्या सुरात म्हटला तर 'ये', उंच सुरात 'घोडा', चढत्या सुरात 'कुत्रा'. निकितिन तिकडे गेला असता तर घोडा मागताना काय मागून बसला असता कोण जाणे.

टेलरच्या आईकडच्या नात्यातला एक बडा अधिकारी मुंबई सरकारात होता. त्याच्या ओळखीने पोराला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादला गेला. पुन्हा ओळखच. आणि इथेच एका कागदाने त्याच्या आयुष्याची दिशा पक्की केली. निजामाच्या नोकरीतला म्हणून तो कंपनीच्या करारबद्ध नोकरांत कधीच मोडला नाही. इंग्रजांच्या लेखी तो 'लोकल' अधिकारी. काम कितीही केलं तरी वरच्या जागा कंपनीच्या सनदी लोकांसाठी राखीव. जवळजवळ पस्तीस वर्षं तो या मधल्या जागेत राहिला. लग्नही त्याने हैदराबादच्या पामर घराण्यातल्या मुलीशी केलं. पेढीवाल्या विल्यम पामरचं ते घराणं, ज्याची आई फैजबख्श बेगम मुसलमान होती.

वर चढायची वाट बंद, तेव्हा टेलरने आडवं पसरायचं ठरवलं असावं. मुन्शी ठेवून हिंदुस्थानी आणि फारसी शिकला, परीक्षा दिली. मग पोलिसात नेमणूक होऊन तुळजापूर–नळदुर्गच्या बाजूला आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मुन्शीची भाषा कचेरीपुरती आहे. पाटील, कुळकर्णी, यात्रेला आलेल्या बाया, वाटेवरचे फकीर यांच्याशी बोलायचं तर मराठी हवी. वयाची विशीही न ओलांडलेला हा पोरगा दुभाषी न ठेवता बोलायला लागला.

त्याचा तुळजापूरचा एक किस्सा त्याच्या आत्मचरित्रात आहे. भवानीच्या यात्रेकरूंनी तक्रार केली की वाणी पिठात रेती मिसळतात. टेलरने दुकानांतून पीठ आणवलं, भाकरी भाजवल्या आणि सगळ्यांसमोर त्या वाण्यांनाच खायला लावल्या. दंड भरतो म्हणाले तरी सोडलं नाही. यात्रेकरूंची हसून पुरेवाट झाली, आणि टेलर साहेबाने वाण्यांना रेती चारली असं गाणंच लोकांनी केलं. गोष्ट त्यानेच सांगितलेली आहे, त्यामुळे थोडं तिखटमीठ धरून चाला. पण एक पाहा, पिठातली रेती दुभाष्यामार्फत कळत नाही. ती तक्रार रस्त्यात उभं राहून ऐकावी लागते.

१८५३ च्या मे महिन्यात निजामाशी तह झाला. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने उभ्या केलेल्या फौजेचं देणं थकलं होतं, त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. मधली बारा वर्षं शोरापूरला काढून टेलर आता नळदुर्गचा अधिकारी म्हणून परतला आणि किल्ल्यातच राहिला. जमिनीची मोजणी त्याने इथल्याच कारकुनांना शिकवून सुरू केली. स्वतः पुस्तकं वाचून तो मोजणी शिकला होता. कायदा, भूगर्भ, वनस्पती, बांधकाम हे सगळंही असंच घरी बसून शिकलेला. १८५७ मध्ये उठाव पेटल्यावर त्याला फौज न देता बुलढाण्याला धाडलं गेलं आणि तिथेही त्याने माणसांच्या ओळखीवर जिल्हा शांत ठेवला.

टेलरची आरती ओवाळायचा माझा इरादा नाही. गोड मराठी बोलणारा हा साहेब ज्या फौजेचं देणं वसूल करायला बसला होता, ती फौज निजामाने मागितलेलीच नव्हती असं म्हणणारे तेव्हाही होते. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत करताना इंग्रजांनी ५० लाखांचं कर्ज माफही करून टाकलं, यावरून त्या कर्जाची किंमत कळते. ठगांवरच्या त्याच्या कादंबरीने इंग्रज वाचकाच्या मनात हिंदुस्थानी वाटसरूची भीती भरली. बोली शिकल्याने माणूस जवळ येतो हे खरं, पण जवळ आलेला साहेब जमीनही नीट मोजून घेतो.

तरीही १८६३ मध्ये, निवृत्त होऊन विलायतेला गेल्यावर त्याने 'तारा' लिहिली. १६५७ च्या सुमाराची गोष्ट. नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची मुलगी, नायक अफजलखानाचा मुलगा फाजल. तुळजापूरची देवी आहे, नळदुर्ग आहे, विजापूर आहे. ज्या काळाबद्दल आपल्याकडे आज फक्त वाघनखं आणि बिचवा उरला आहे, त्या काळातल्या मुसलमान घरातल्या जेवणाची, नमाजाची, आई-मुलाच्या बोलण्याची वर्णनं त्याने केली. हे त्याला मुंबईच्या क्लबात बसून सुचलं नसतं. १८७५ मध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना, सर सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादला आला. परत जाताना १८७६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये वारला.

नळदुर्ग निजामाकडे परत आलं आणि परदेशीपणाचा प्रश्न नव्या रूपात आला. आता बाहेरचे येत होते ते उत्तरेकडून. सालारजंगांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. १८८४ मध्ये राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. लखनौ-अलीगढकडून आलेल्या तहसीलदाराला त्यामुळे घरच्यासारखं वाटू लागलं. नळदुर्गच्या शेतकऱ्याला, हिंदू असो की मुसलमान, काहीच फरक पडला नाही, त्याला फारसीही येत नव्हती आणि ही उर्दूही. आपल्या बाजूच्या मुसलमानाची घरातली बोली दखनी, शेतातली मराठी. 'मेरेकू', 'तेरेकू', 'नक्को' म्हणणाऱ्याला लखनवी अंमलदार हसायचा. मुसलमान राज्यात मुसलमानालाही आपली बोली कचेरीच्या पायरीवर काढून ठेवावी लागत होती, ही बाब आपल्या इतिहासात कमीच सांगितली जाते.

नोकऱ्या बाहेरच्यांना जातात म्हणून ओरड झाली. त्यातून मुलकी आणि गैरमुलकी हा वाद उभा राहिला. १९१९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून नियम पक्के केले. राज्यात जन्मलेला तो मुलकी. बाहेरून आलेल्याने किमान १५ वर्षं इथे कायम वास्तव्य केलेलं असावं, मूळ गावी परतायचा विचार सोडला असल्याचं ठराविक नमुन्यात लिहून द्यावं आणि मॅजिस्ट्रेटची सही घ्यावी, तेव्हा तो मुलकी. नोकरी मुलकीलाच. धर्माचा उल्लेख नाही, भाषेचाही नाही. दर्ग्याचा मुजावर आणि मैलारपूरचा पुजारी जन्माने मुलकी, आणि लखनौचा सय्यद पंधरा वर्षं भरेपर्यंत गैरमुलकी. हा नियम पुढे बरंच राजकारण घडवून गेला. १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी आंदोलनात गोळीबार झाला आणि त्यानंतर तेलंगणात तो विषय अनेक वर्षं धुमसत राहिला.

आणि ही पंधरा वर्षं अजून संपलेली नाहीत. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्र काढायचं तर तहसीलमध्ये १५ वर्षांच्या वास्तव्याचाच पुरावा मागतात.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झालं, सोलापूरच्या रस्त्याने भारतीय सैन्य आत शिरलं आणि पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल हाती आला आणि पुढची वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद जिल्ह्यात मुसलमान वस्त्यांवर काय गुजरलं ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे कागदापुरतं बोलतो. त्याच वर्षी जुलैत भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केलं, ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पासपोर्ट आला. घाबरून किंवा नातेवाइकांना भेटायला म्हणून कराचीला गेलेल्या दखनी माणसाला परत यायचं तर परमिट लागलं, तेही मुदतीचं. जन्म इथला, जमीन इथली, बोली इथली, आणि मुक्काम तेवढा परवान्यावर. मुदत संपली की पोलीस दारात. मुस्तामिनला फिकहने निदान एक वर्ष दिलं होतं.

मराठवाड्यातली आपली पोरं गेली चाळीस-पन्नास वर्षं आखातात जात आहेत. तिथे त्यांच्या खिशात 'इकामा' असतो, राहण्याचा परवाना. नमाजाआधीच्या इकामतशी हा शब्द सख्खा. कफील नावाच्या मालकाच्या मर्जीवर तो टिकतो. तीन-चार वर्षांत पोरगं कामापुरती अरबी बोलायला लागतं. ती अरबी कुराणाची नव्हे, बांधकामावरची, गॅरेजमधली, अर्धी हिंदी मिसळलेली, निकितिनच्या खिचडीची आजची बहीण. गावी आल्यावर मौलवी साहेबांना ती ऐकवली तर त्यांना निम्मी कळत नाही.

२०२३ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडली गेली. गावोगावचे जुने कागद बाहेर आले. काही मोडीत, बरेच उर्दूत. तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांची अडचण झाली, कारण ज्या उर्दूला मधल्या काळात 'त्यांची भाषा' म्हणून बाजूला सारलं होतं, तिच्यात मराठा शेतकऱ्याच्या आजोबाची जात लिहिलेली होती. मग उर्दू वाचणारे शोधले गेले. रकाना उर्दूत, आकडे रकमेच्या वळणाचे, आणि त्यात माणसांची, शेतांची, शिवाराची नावं अस्सल मराठी. ज्याला फक्त उर्दू येते त्याला गावाचं नाव लागत नाही, ज्याला फक्त मराठी येते त्याला ओळ लागत नाही. त्या टेबलावर दोन्ही येणारा माणूस लागतो, आणि तशी माणसं नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिवच्या मोहल्ल्यांत अजून आहेत. बहुतेकांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे.